पाळण्यात कोणाचे पाय दिसतात?

या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला तर निम्म्याहून जास्त पत्रं अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या रिक्रूटिंगवर निघाली, साहजिकच आहे, डिसेंबरचा साइनिंग डे (पोरांनी कॉलेजशी सही करायचा दिवस) नुकताच होऊन गेलाय आणि तिकडच्या आपल्या मंडळींच्या डोक्यात सध्या दुसरं काही नाहीये. त्यामुळे क्रिकेटवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा. भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी: हा अंडाकृती बॉलचा फुटबॉल, रिक्रूटिंग म्हणजे हायस्कूलमधल्या पोरांना कॉलेजच्या टीमनी हेरून स्कॉलरशिप देऊन आणणं, आणि स्टार म्हणजे २४७ स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन या कंपन्या पोरांना आधीच जे दोन ते पाच मार्क देऊन ठेवतात ते. एनएफएल म्हणजे कॉलेजनंतरची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या टीमनी राउंड लावून पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलणं, कोणी पहिला किंवा १३ वा गेला म्हणजे त्या नंबरला उचलला गेला. बॉल ज्यांच्याकडे ती बाजू ऑफेन्स, अडवणारी ती डिफेन्स.

प्रश्न : आमच्या ओहायो स्टेटला दर वर्षी चार-पाच स्टारवाली पोरं येतात, काही पहिल्याच वर्षी मैदान गाजवतात आणि काहींचं नाव परत कानावर पडत नाही. कुठल्या पोझिशनला हे स्टार खरे ठरतात आणि कुठे नुसतीच हवा असते? — एक काका, कोलंबस, ओहायो

उत्तर : काका, नुसतीच हवा तशी कुठेच नसते, हे आधी सांगून टाकतो. पाच स्टारवाला पोरगा एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला जायची शक्यता तीन स्टारवाल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते, त्यात वाद नाही. लोक म्हणतात अहो पण एनएफएलमध्ये तर तीन स्टारवालेच जास्त दिसतात, दिसणारच ना, पाच स्टारवाले वर्षाला तीस-पस्तीस आणि तीन स्टारवाले हजारावर, मग नुसती डोकी मोजली तर तेच जास्त भरणार. २४७ स्पोर्ट्सवाले पाच स्टारचा आकडा ३२ च्या आसपास ठेवतात तेही ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये ३२ जण निवडले जातात म्हणूनच. म्हणजे स्टार हे मुळात ड्राफ्टचं भाकीत आहे, कॉलेजमधल्या खेळाचं नाही, हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पोझिशन. मी प्रत्येक जागेला एकच गोष्ट विचारतो, की इथे खेळायला जे लागतं त्यातलं किती सतराव्या वर्षी डोळ्यांना दिसतं? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते सगळ्या पोझिशनला सारखं लागू नाही. एज रशर घ्या, म्हणजे डिफेन्सच्या कडेवरून क्वार्टरबॅकवर, म्हणजे ऑफेन्स चालवणाऱ्या आणि बॉल फेकणाऱ्यावर, धावून जाणारा. साडेसहा फूट उंच, लांब हात, आणि एवढ्या अंगाने पहिल्या तीन पावलांत सुटणारा पोरगा, हे कॉम्बिनेशन लपत नाही हो, ज्याला फुटबॉल कळत नाही त्यालाही दिसतं. जेडेव्हियन क्लाउनी २०११ च्या बॅचचा नंबर एक होता, साउथ कॅरोलायनाला गेला, २०१४ च्या ड्राफ्टमध्येही पहिला. माइल्स गॅरेट पाच स्टार, टेक्सस ए अँड एम, २०१७ ला पहिला. ट्रॅव्हॉन वॉकर पाच स्टार, जॉर्जिया, २०२२ ला पहिला. तुमच्याकडचा चेस यंगसुद्धा त्याच माळेतला. चुकतात, नाही असं नाही, रॉबर्ट एन्केमडिची २०१३ चा नंबर एक होता आणि पहिल्या राउंडच्या शेपटाला २९ वा गेला, पण बघा, जो "फसला" असं म्हणतात तोही पहिल्या राउंडमध्येच आहे!

कॉर्नरबॅकचंही, म्हणजे बॉल झेलणाऱ्याच्या मागावर राहणाऱ्याचं, बऱ्यापैकी तसंच. वेग घड्याळात मोजता येतो, आणि पोरगा ट्रॅकवर पळत असेल तर कोचला शंभर मीटरचा टाइमच मिळतो. पॅट्रिक सर्टन दुसरा, डेरेक स्टिंगली ज्युनियर, दोघंही पाच स्टार आणि दोघंही टॉप टेनमध्ये. पण इथे एक गंमत आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये स्टिंगली तिसरा गेला आणि त्याच्या पाठोपाठ चौथा गेला तो सॉस गार्डनर, तोही कॉर्नरबॅकच, डेट्रॉइटचा तीन स्टार, सिनसिनाटी सोडून मोठ्या नावाच्या कॉलेजनी फारसं विचारलं नव्हतं कारण पोरगा अंगाने काडी होता. वेग दिसतो, उंची दिसते, काडीवर मांस चढणार का नाही ते दिसत नाही. म्हणजे पाच स्टार दिला तो बरोबर दिला, चूक झाली ती न दिलेल्यात. या पोझिशनला चुका बहुतेक त्याच बाजूला होतात.

मधल्या डिफेन्सिव्ह टॅकलला पुन्हा वेगळं. तिथे मापाचं वेड नडतं. ॲरन डॉनल्ड पिट्सबर्गला तीन स्टार म्हणून गेला कारण त्या जागेसाठी तो बुटका होता, जेमतेम सहा फूट. क्लाउनी पहिला गेला त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये हा १३ वा, आणि पुढे एनएफएलचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर तीनदा झाला.

प्रश्न : क्वार्टरबॅकचं रिक्रूटिंग म्हणजे शुद्ध लॉटरी आहे असं माझं मत झालंय. बरोबर ना? — एक विद्यार्थी, ऑस्टिन, टेक्सस

उत्तर : ऑस्टिनमध्ये बसून हे विचारतोयस म्हणजे दुखणं कुठलं ते कळलं. क्विन युअर्स. रेटिंग १.००००, म्हणजे याच्या वर काही नाही, असं रेटिंग तुमच्याच व्हिन्स यंगला होतं. युअर्स आधी ओहायो स्टेटला गेला, तिथे सीझनभरात दोन स्नॅप, म्हणजे दोनच चाली, खेळला, मग टेक्ससला आला, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या राउंडला, २३१ वा गेला. आणि त्याच ड्राफ्टमध्ये पहिला कोण गेला? कॅम वॉर्ड. याला हायस्कूलमध्ये स्टारच नव्हता, कारण याची शाळा विंग-टी खेळायची, म्हणजे सगळं पळणं आणि पासिंग नावाला, मग पोरगा फेकतो कसा हे कोण बघणार. सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड नावाच्या छोट्या कॉलेजने घेतलं, तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, तिथून थेट नंबर एक.

एवढं ऐकलं की लॉटरीच वाटते. पण थांब जरा. ट्रेव्हर लॉरेन्स पाच स्टार, पहिल्याच वर्षी क्लेमसनला चॅम्पियन केलं, २०२१ ला पहिला. कायलर मरे पाच स्टार, हाइझमन (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी), २०१९ ला पहिला. केलेब विल्यम्स पाच स्टार, हाइझमन, २०२४ ला पहिला. लॉटरीत एवढे नंबर लागत नाहीत रे. मात्र मरे आणि विल्यम्स हे दोघंही ज्या कॉलेजला आधी गेले तिथे राहिले नाहीत. मरे ए अँड एम सोडून ओक्लाहोमाला, विल्यम्स ओक्लाहोमा सोडून यूएससीला. मग ए अँड एमच्या खात्यात मरे पास धरायचा का नापास? पोरगा अस्सल निघाला, पण ज्यांनी आणला त्यांच्या हाताला काय लागलं? रिक्रूटिंग यशस्वी झालं म्हणजे नक्की कोणाचं, हा घोळ क्वार्टरबॅकला जेवढा आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याही पोझिशनला नाही.

कारण साधं आहे. क्रिकेट टीमच्या विकेटकीपरसारखी ही जागा एकच, दोन चांगले असले तरी एक बाहेर बसणार, आणि रिसीव्हर (बॉल झेलणारा) किंवा कॉर्नरसारखं आलटून पालटून खेळवता येत नाही. जॉर्जियाचं बघ. २०१६ ला पाच स्टार जेकब ईसन आणला, २०१७ च्या पहिल्याच मॅचला त्याला दुखापत, त्याच्या जागी जेक फ्रॉम आला तो गेलाच नाही, ईसन निघाला वॉशिंग्टनला. २०१८ ला जस्टिन फील्ड्स आणला, लॉरेन्सच्या खालोखाल देशात दुसरा, फ्रॉम अजून तिथेच, फील्ड्स एक वर्ष थांबून ओहायो स्टेटला गेला. आणि एवढं सगळं करून २०२१ आणि २०२२ अशा लागोपाठ दोन चॅम्पियनशिप जिंकून दिल्या कोणी, तर स्टेटसन बेनेटने, जो स्कॉलरशिपशिवाय वॉक-ऑन म्हणून आला होता, मधे एक वर्ष ज्युनियर कॉलेजला (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, तिकडचं हायस्कूलनंतरचं दोन वर्षांचं) जाऊन परत आला होता. काय बोलणार!

आणि जे कळायला हवं ते सगळं डोक्याच्या आत असतं. समोर चार जण अंगावर येतायत आणि अडीच सेकंदांत तिसरा रिसीव्हर शोधायचा, हे हायस्कूलच्या व्हिडिओत कसं दिसेल, तिथे पहिलाच रिसीव्हर मोकळा असतो. जो बरो ओहायो स्टेटला बेंचवर बसला, एलएसयूला जाऊन २०१९ ला ६० टचडाऊन पास टाकले. बेकर मेफिल्ड दोन कॉलेजांत वॉक-ऑन होता. जॉश ॲलनला हायस्कूलनंतर एकाही मोठ्या कॉलेजची ऑफर नव्हती, रीडली नावाच्या ज्युनियर कॉलेजातून वायोमिंगला गेला आणि २०१८ ला सातवा.

हां, आणि युअर्सला नापास म्हणू नकोस. टेक्ससला सलग दोन वर्षं प्लेऑफच्या सेमीफायनलला नेलं त्याने. ड्राफ्ट एनएफएलचा असतो, तुमच्या युनिव्हर्सिटीला त्याच्याशी काय करायचंय.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, चांगलाच उंच आणि धिप्पाड. कोच त्याला ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे समोरच्यांना अडवून धरणाऱ्यांत, खेळवतात. त्याला टाइट एंड (लाइनच्या कडेला राहून अडवणारा आणि बॉलही झेलणारा) व्हायचंय कारण लाइनवाल्यांकडे कोणी बघत नाही म्हणतो, आणि हे म्हणतात अभ्यास कर. लाइनमन होऊन स्कॉलरशिप मिळते का खरंच? — एक आई, प्लेनो, टेक्सस

उत्तर : ताई, मिळते, आणि मी तर म्हणेन की उशिरा उमलणाऱ्या मुलासाठी यापेक्षा बरी जागा नाही. ऑफेन्सिव्ह लाइनला स्टार सगळ्यात कमी भरवशाचे, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण कॉलेजला लागतो तो लाइनमन ३०० पाउंडांच्या वरचा, म्हणजे १३६ किलोपेक्षा जास्त, आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एकतर अजून तेवढा झालेला नसतो किंवा तेवढा झालेला असतो तो चुकीच्या मालाने झालेला असतो. आज जो २४० चा आहे तो तीन वर्षांनी कोण असेल हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, रेटिंगवाल्यांना कुठून. त्यात शाळेत धिप्पाड मुलगा समोरच्याला नुसता ढकलून देतो, पाय कसे पडतात हे कळतच नाही, कॉलेजला समोरचाही तेवढाच असतो तेव्हा कळतं.

२०१३ चा ड्राफ्ट बघा. देशात पहिला गेला एरिक फिशर, लेफ्ट टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनच्या डाव्या टोकाचा), हायस्कूलला दोन स्टार, सेंट्रल मिशिगन नावाच्या मधल्या फळीतल्या कॉलेजचा. चौथा गेला लेन जॉन्सन, तो तर हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजला क्वार्टरबॅक होता! ओक्लाहोमाने त्याला आधी टाइट एंड केला, मग डिफेन्सला टाकला, मग टॅकल, आणि दर वेळी वजन वाढत गेलं. जो स्टेली, तोही सेंट्रल मिशिगनचाच, टाइट एंड म्हणून गेला आणि टॅकल होऊन २००७ ला पहिल्या राउंडमध्ये. जेसन केल्सी सिनसिनाटीला वॉक-ऑन, आला तेव्हा लाइनमन नव्हताच, पुढे सेंटर (लाइनच्या बरोबर मधला) झाला. टायलर लिंडरबॉम आयोवाला डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणून आला आणि देशातला सर्वोत्तम सेंटर म्हणून २०२१ ची रिमिंग्टन ट्रॉफी घेऊन गेला. बघा, यातल्या कितीजणांची मूळ पोझिशन भलतीच होती. त्यामुळे चिरंजीवांना टाइट एंड खेळायचंय तर खुशाल खेळू दे, पाय हलके राहतात, बॉलची भीती जाते, आणि पुढे अंग वाढलं की कोच त्याला टॅकल करतीलच, भांडायची गरज नाही. हिवाळ्यात कुस्ती आणि वसंतात गोळाफेक करू दे. ट्रिस्टन वर्फ्स आयोवाच्या हायस्कूलमध्ये कुस्ती, गोळाफेक, थाळीफेक सगळं करायचा, २०२० ला पहिल्या राउंडमध्ये गेला. वजन वाढवण्यासाठी पावडरींचे डबे मात्र नववीत आणू नका, ते कॉलेजचे लोक डाएटिशियन ठेवून करून घेतात.

जागांचं गणित पण लाइनच्या बाजूने आहे. मैदानात एका वेळी पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन असतात, क्वार्टरबॅक एक. पूर्वी वरच्या डिव्हिजनच्या टीमला जास्तीत जास्त ८५ स्कॉलरशिप देता यायच्या, २०२५ पासून नवीन कोर्ट सेटलमेंटमध्ये सामील झालेल्या कॉलेजांना तो नियम राहिला नाही, त्याऐवजी रोस्टरच, म्हणजे टीममधली एकूण माणसंच, १०५. तुमच्या ह्यांच्या अभ्यासाच्या मुद्द्याला पण जोर आहे, का माहितीये, आयव्ही लीगची आठही कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, घरच्या उत्पन्नावर मदत देतात, पण चांगले मार्क असलेल्या लाइनमनला ॲडमिशनमध्ये कोचचा शब्द कामाला येतो. आपल्याकडच्या किती घरांत हे माहीत आहे देव जाणे, सगळे नुसते रोबोटिक्सच्या मागे.

मुलाचे व्हिडिओ हडलवर (खेळाच्या व्हिडिओंची साइट) टाकत राहा, सुरुवातीला चांगले सहा-सात प्ले आणि पाय दिसतील असे, गाणं लावू नका.

प्रश्न : मी डेटा ॲनालिस्ट आहे, कॉलेज फुटबॉल रात्री जागून बघतो. पाच स्टारवाल्यांची जुनी यादी घेतली, त्यातले किती पहिल्या राउंडला गेले ते पोझिशननुसार काढलं, तर रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) फारच वाईट दिसतात. म्हणजे स्काउटना रनिंग बॅक कळत नाहीत? — पुण्याहून एक वाचक

उत्तर : स्काउटना कळतात मित्रा, एनएफएलला नको असतात. २०१३ आणि २०१४ ला पहिल्या राउंडमध्ये एकही रनिंग बॅक गेला नाही, २०२२ ला नाही, २०२४ लाही नाही. डेरिक हेन्री पाच स्टार, अलाबामा, २०१५ चा हाइझमन विजेता, आणि ड्राफ्टला ४५ वा! तुझ्या एक्सेलमध्ये तो नापास दिसणार. कॉलेजच्या कोचला विचार, नापास म्हणेल का तो? उलट माझं मत असं की ही पोझिशन हायस्कूलमध्येच सगळ्यात लवकर कळते, पोरगा बॉल घेऊन पळतो आणि अकरा जण त्याला पकडू शकत नाहीत, यात भाकीत काय करायचंय. लेनर्ड फोर्नेट, बिजान रॉबिन्सन, दोघंही पाच स्टार, येऊन लगेच खेळायला लागले. ॲश्टन जेंटी तीन स्टार बॉयसी स्टेटला गेला, २०२४ ला २,६०१ यार्ड पळाला आणि सहावा गेला, तर तसेही निसटतात, पण कमी.

म्हणजे तुझ्या तक्त्यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत, पोरगा चांगला निघाला का हा एक, आणि त्या पोझिशनला बाजारात भाव किती हा दुसरा. क्वार्टरबॅकला भाव एवढा की अर्धवट तयार असला तरी पहिल्या राउंडला उचलतात, तिथे तुझी टक्केवारी फुगते. सेंटर आणि सेफ्टीला (डिफेन्सचा सगळ्यात मागचा) उलटं. मी असतो तर प्रत्येक पोझिशनच्या पाच स्टारची तुलना त्याच पोझिशनच्या तीन स्टारशी केली असती, आडवी तुलना केलीच नसती. आणि कॉलेजमध्ये किती मॅचला पहिल्यापासून उतरला, ऑल-कॉन्फरन्स (आपल्या गटातल्या सर्वोत्तमांच्या यादीत) झाला का, हे कॉलम टाक. दुसरी भानगड पोझिशन बदलाची. टेरेल प्रायर २००८ चा नंबर एक क्वार्टरबॅक, एनएफएलमध्ये जाऊन रिसीव्हर झाला, तू त्याला कुठल्या रकान्यात टाकलास? रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डला रिसीव्हर म्हणून आला आणि कॉर्नर झाला. आणि यादीत "ॲथलीट" असं (म्हणजे पोझिशन ठरलेली नाही) लिहिलेली पोरं तू गाळली असशील तर तो सगळ्यात मोठा घोळ, कारण त्यातली बरीच पुढे डिफेन्सिव्ह बॅक होतात.

प्रश्न : मग सगळ्यात भारी क्लास, म्हणजे त्या वर्षीच्या नव्या पोरांची बॅच, आणला की चॅम्पियन, एवढं सोपं नाही का? — अटलांटा, जॉर्जिया

उत्तर : २०२२ चा टेक्सस ए अँड एमचा क्लास रेटिंगमध्ये आजवरच्या सगळ्यात भारी क्लासमध्ये गणला जातो. त्या सीझनला टीम ५ जिंकली, ७ हरली. त्या क्लासची जान होती डिफेन्सिव्ह लाइन, आणि वर म्हटलं तसं तिथल्या कडेच्या माणसांची पारख सहसा चुकत नाही, इथे मधल्यांचीही चुकली नाहीच, त्यातला वॉल्टर नोलन २०२५ च्या ड्राफ्टला १६ वा गेला आणि शमार स्टुअर्ट १७ वा. फक्त नोलन तोपर्यंत ओल मिस या दुसऱ्या कॉलेजला पोचला होता. माणसं बरोबर निवडली, पण पहिल्या वर्षाची पोरं डिफेन्सला कितीही गुणी असली तरी पॉइंट ऑफेन्सला लागतात, आणि तिकडे बोंब होती. तुमच्या जॉर्जियाने हेच बरोबर केलं, लाइनला दर वर्षी माणसं भरत राहिले आणि त्यांना दोन-तीन वर्षं शिजू दिलं, म्हणून तर बेनेटसारखा वॉक-ऑन मागे उभा राहून निवांत खेळू शकला.

प्रश्न : भाचा इथे मेलबर्नला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळतो, लाथ जबरदस्त आहे. कोणीतरी म्हणालं अमेरिकेत कॉलेज फुकट होईल. थाप आहे का? — एक मावशी, मेलबर्न

उत्तर : थाप नाही मावशी. किकर आणि पंटरना (हातातून सोडलेला बॉल लाथेने लांब उडवणारे) मोठ्या रेटिंगवाल्यांकडे भाव नाही, चार-पाच स्टार जवळजवळ कोणालाच देत नाहीत, आणि तरीही तुमच्याच गावातल्या प्रोकिक ऑस्ट्रेलिया नावाच्या अकॅडमीने कितीतरी पंटर अमेरिकेला धाडलेत. देशातल्या सर्वोत्तम पंटरचं रे गाय अवॉर्ड २०१४ आणि २०१५ ला यूटाच्या टॉम हॅकेटला, २०१६ ला यूटाच्याच मिच विश्नॉव्स्कीला आणि २०१७ ला टेक्ससच्या मायकेल डिक्सनला, चारही वर्षं ऑस्ट्रेलियन, आणि तिघंही तिथूनच गेलेले. तिकडच्या पोरांना लहानपणापासून पळता पळता लाथ मारायची सवय असते ना, अमेरिकन पोरं उभ्याने शिकतात. भाचा किती लांब मारतो त्यापेक्षा बॉल किती वेळ हवेत राहतो ते मोबाइलवर मोजा आणि तो डाव्या पायाने पण मारतो का ते कळवा.